शिकाऱ्याचे कपडे आणि हरणाचे डोळे

आजचा विषय ऐकून काही जणांच्या भुवया उंचावतील: शिकारीचे कपडे, म्हणजे पानाफांद्यांचं चित्र छापलेले कॅमोफ्लाज जॅकेट-पँट. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार, काही मोजके अपवाद सोडले तर, शिकार हा गुन्हा आहे. मग हे कशासाठी? दोन कारणांसाठी. एक, हेच कपडे आता भारतात पक्षीनिरीक्षक आणि वन्यजीव छायाचित्रकार ऑनलाइन मागवतात, आणि कोणता पॅटर्न घ्यावा याचा निर्णय बहुतेक वेळा जाहिरातीतला फोटो बघून होतो. दुसरं, या कापडांच्या मागे प्राण्यांच्या डोळ्यांचं फार सुरेख विज्ञान आहे. ते समजलं की ताडोबातला वाघसुद्धा वेगळा दिसायला लागतो.

हा भाग व्हिडिओ म्हणून झाला तेव्हा कापडं शेजारी शेजारी धरून दाखवता आली होती. पुस्तकात ती सोय नाही, तेव्हा नक्षी शब्दांत सांगतो.

सुरुवात एका विचित्र दृश्यापासून करू. अमेरिकेत नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम भरात असतो. जंगलात निघालेल्या शिकाऱ्याच्या अंगावर पायापासून गळ्यापर्यंत झाडाच्या सालीचं, पानांचं हुबेहूब चित्र असतं, आणि त्यावर भडक, डोळ्यांत खुपणारं, वाहतूक पोलिसाच्या बंडीसारखं नारिंगी जाकीट! लपायचंय की दाखवायचंय, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर असं की दोन्ही करायचंय. हरणापासून लपायचंय आणि बंदूक घेतलेल्या दुसऱ्या माणसाला दिसायचंय. हे दोन्ही एकाच कपड्यात जमतं, कारण हरणाचा डोळा आणि माणसाचा डोळा वेगळे आहेत.

आपल्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकू पेशी तीन प्रकारच्या असतात. ढोबळमानाने निळ्यासाठी, हिरव्यासाठी आणि लाल बाजूच्या प्रकाशासाठी. हरणाकडे दोनच. १९९२ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात संशोधकांनी पांढऱ्या शेपटीच्या हरणांना भूल देऊन त्यांच्या डोळ्यांवर वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश टाकला आणि दृष्टिपटलातून येणारे विद्युत संकेत मोजले. त्यातून दिसलं की हरणाच्या एका प्रकारच्या शंकू पेशी ४५० ते ४६० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्या प्रकाशाला, आणि दुसऱ्या ५३७ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. लाल बाजूची तिसरी जात नाहीच. शिकाऱ्यांचं नारिंगी कापड साधारण ६०० नॅनोमीटरजवळ झळकतं. हरणाच्या लेखी ते भडक नाही. हिरव्या-पिवळ्या झाडोऱ्यातल्या कुठल्याशा फिकट छटेसारखंच ते त्याला दिसत असणार.

आता याची उलटी बाजू बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. निळा रंग हरणाला आपल्यापेक्षाही चांगला दिसतो. आपल्या डोळ्याचं भिंग अतिनील प्रकाश बराचसा अडवतं, हरणाचं तेवढं अडवत नाही. म्हणजे ‘साधीच तर आहे’ म्हणून घातलेली निळी जीन्स पहाटेच्या अंधूक उजेडात हरणाला नारिंगी जाकिटापेक्षा जास्त ठळक दिसते. इथे धुण्याच्या पावडरीचाही संबंध येतो. आपल्या आज्या पांढऱ्या कपड्यांना नीळ द्यायच्या, ती नुसता पिवळेपणा मारायची. आजच्या बऱ्याच डिटर्जंटमध्ये ‘अधिक शुभ्र’ दिसण्यासाठी जी रसायनं असतात ती वेगळं काम करतात. ती अतिनील प्रकाश शोषून घेतात आणि निळा प्रकाश बाहेर टाकतात. महागडं कॅमोफ्लाज अशा पावडरीत चार वेळा धुतलं की आपल्या डोळ्यांना काहीच फरक कळत नाही, पण हरणाचा डोळा ज्या निळ्याला सर्वात जास्त टिपतो, नेमक्या त्याच निळ्यात ते उजळतं. म्हणून अमेरिकेत शिकारीच्या कपड्यांसाठी असली रसायनं नसलेला वेगळा साबण विकला जातो. जाहिरातबाजी वगळूनही त्यामागचं तत्त्व खरं आहे.

रंग झाला. आता आकार, आणि माझ्या मते तो रंगापेक्षा महत्त्वाचा.

प्राणी माणसाला ओळखतो ते शरीराच्या बाह्यरेषेवरून, चालीवरून आणि वासावरून. दोन पायांवर उभं, वर गोल डोकं, खाली रुंद खांदे: ही आकृती जंगलात दुसऱ्या कोणाची नसते. ती मोडली तर अर्धं काम झालं. हे आपल्याकडे फार जुन्या काळापासून माहीत होतं. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पारध्यांच्या एका शाखेची नोंद आहे. हे लोक बैलाच्या आडून सावजाजवळ जात, म्हणून त्यांना ‘गायके’ म्हणत. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार होई, तेव्हा चित्ते बैलगाडीतून नेत, कारण माळावरची काळविटं शेतकऱ्याच्या गाडीला सरावलेली असत. अंगावर पानं नव्हती की फांद्या नव्हत्या. माणसाची आकृती नाहीशी झाली होती, तेवढ्यावर भागलं.

कॅमोफ्लाज हे काम नक्षीने करतं. अमेरिकन चित्रकार अ‍ॅबट थेयर यांनी १९०९ च्या पुस्तकात आणि इंग्लंडचे प्राणिशास्त्रज्ञ ह्यू कॉट यांनी १९४० च्या पुस्तकात हे सविस्तर मांडलं. अंगावरचे गडद-फिके पट्टे जर शरीराच्या कडेपर्यंत जाऊन तिला छेद देत असतील, तर बघणाऱ्याला कडच सापडत नाही. ही कल्पना नीट तपासली गेली ती बऱ्याच नंतर. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात इनिस कटहिल आणि सहकाऱ्यांनी कागदाचे त्रिकोणी ‘पतंग’ केले, प्रत्येकाखाली पक्ष्यांना आवडणारी एक अळी ठेवली आणि ते ओक झाडांच्या बुंध्यांवर टाचले. सगळ्यांचे रंग सालीशी जुळणारेच होते, पण काहींवरचे डाग कडेला कापत जाणारे होते आणि काहींवरचे आतच राहिलेले. कडेला कापणारे डाग असलेले पतंग जास्त काळ टिकले. हे २००५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं. थोडक्यात, पार्श्वभूमीशी रंग जुळणं उपयोगी, पण कड मोडणं त्याहून उपयोगी.

हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण बाजारातले अर्धेअधिक पॅटर्न इथेच घसरतात.

आता थोडा इतिहास, भराभर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने बेडकाच्या कातडीसारखे ठिपके असलेला एक पॅटर्न काढला. तो आखला होता नॉरव्हेल गिलेस्पी नावाच्या बागकामतज्ज्ञाने! युद्धानंतर उरलेले कपडे स्वस्तात विकले गेले, बदकांच्या शिकाऱ्यांनी ते उचलले आणि त्या नक्षीचं नावच ‘डक हंटर’ पडलं. पुढची अनेक वर्षं शिकारी लष्कराचे उरलेले कपडेच घालत. १९८० च्या सुमारास व्हर्जिनियातल्या जिम क्रम्ली यांनी झाडाच्या सालीसारख्या उभ्या रेघा कापडावर काढून ‘ट्रीबार्क’ बाजारात आणला. शिकारीसाठीच केलेला आणि खऱ्या अर्थाने खपलेला हा पहिला पॅटर्न. मग १९८६ हे एकच वर्ष दोन मोठी नावं घेऊन आलं. जॉर्जियात बिल जॉर्डन यांनी आईवडिलांच्या अंगणातल्या ओकच्या झाडाकडे बघत रेखाटनं केली, त्यातून ‘रिअलट्री’ निघालं. मिसिसिपीत टॉक्सी हास यांनी मातीचा, पाल्याचा, काड्यांचा एक मूठभर नमुना पिशवीत घालून कापड गिरणीत नेला आणि म्हणाले, असं दिसणारं कापड द्या. तो झाला ‘मॉसी ओक’चा पहिला पॅटर्न, ‘बॉटमलँड’.

तुलना करायची तर बॉटमलँडपासूनच करावी. हा पॅटर्न जवळून बघितला तर काहीसा गबाळा वाटतो. गडद तपकिरी, राखाडी, काळपट उभे डाग. त्यात एकही पान नीट दिसत नाही. त्यानंतरच्या वर्षांत छपाईचं तंत्र सुधारलं, कंपन्यांनी खऱ्या पानांचे फोटो कापडावर उतरवायला सुरुवात केली आणि नक्षी इतकी हुबेहूब झाली की पानाची शीर न् शीर मोजावी. दुकानात हे कापड बघून माणूस खूश होतो. पण तीस-चाळीस मीटरवर जा आणि बघा. बारीक पानं एकमेकांत मिसळतात, त्यांच्यातला गडद-फिका फरक पुसला जातो आणि उरतो माणसाच्या आकाराचा एक सलग काळपट ठोकळा. चित्र हुबेहूब, पण आकृती अखंड! हरणाची नजर बारकाव्यांच्या बाबतीत आपल्यापेक्षा बरीच कमी असते, त्यामुळे त्याच्यासाठी हा ठोकळा आणखी जवळच्या अंतरावर तयार होतो. पानांच्या शिरा हरिण कधी बघतच नाही. त्या गिऱ्हाइकासाठी छापलेल्या असतात.

गबाळा बॉटमलँड मात्र आजही टिकून आहे, आणि तो कुठे टिकला हे बोलकं आहे. आर्कान्सा राज्यात हिवाळ्यात पूर आलेल्या जंगलांत बदकांची शिकार चालते. शिकारी गुडघा-मांडीभर पाण्यात, झाडाच्या बुंध्याला टेकून, सावलीत उभा असतो. त्याच्या आजूबाजूला ओल्या काळ्या साली, गढूळ पाणी, पानं जवळजवळ नाहीतच. तिथे मोठे, गडद, उभे डाग चपखल बसतात.

तीच बदकं, पण उघड्या दलदलीत, तर सगळं बदलतं. तिथे वाळलेले लव्हाळे, पाणकणीस, पिवळसर गवत. उभ्या-तिरप्या पात्यांचे, फिक्या पेंढ्याच्या रंगाचे पॅटर्न इथे लागतात. रिअलट्रीचा ‘मॅक्स-५’ किंवा मॉसी ओकचा ‘शॅडो ग्रास’ हे याच कुळातले. इथे बॉटमलँड घालून बसलात तर गवतात म्हैस बसल्यासारखे दिसाल. शिवाय इथे बघणारा डोळाही बदलला आहे. पक्ष्यांकडे शंकू पेशींचे चार प्रकार असतात, म्हणजे रंगांच्या बाबतीत ते आपल्या पुढे आहेत आणि हरणाच्या तर फारच. नारिंगी रंगाची युक्ती पक्ष्यांपुढे चालत नाही. त्यातून बदक वरून बघतं. वर बघणारा माणसाचा चेहरा, उन्हात चकाकणारा, हा वरून आरशासारखा दिसतो. अनुभवी शिकारी सांगतात की जाकिटाच्या नक्षीपेक्षा टोपीची कड खाली ओढणं आणि चेहरा झाकणं जास्त कामाला येतं, आणि मला ते पूर्ण पटतं.

टर्कीच्या शिकारीत तर जिवाशी गाठ आहे. वसंतात, कोवळी हिरवी पालवी फुटलेली असताना, शिकारी झाडाला पाठ लावून जमिनीवर बसतो आणि मादीचा आवाज काढून नराला बोलावतो. पॅटर्नमध्ये हिरवा हवा, हात-चेहरा झाकलेला हवा, कारण टर्कीची नजर भयंकर तीक्ष्ण. बहुतेक ठिकाणी या हंगामात नारिंगी घालायची सक्ती नसते. आता कल्पना करा. पूर्ण लपलेला माणूस झुडपातून टर्कीचा आवाज काढतोय, आणि तोच आवाज ऐकून दुसरा बंदूकधारी त्याच्या दिशेने सरकतोय. नर टर्कीच्या डोक्यावर लाल, पांढरा आणि निळा असे तीन रंग असतात. म्हणून शिकारीच्या प्रशिक्षणात बजावून सांगतात की या तीन रंगांचं काहीही अंगावर नको. लाल रुमाल नको, बाहीतून डोकावणारा पांढरा बनियन नको, निळे मोजे नकोत. पाठ टेकायचं झाड खांद्यांपेक्षा रुंद हवं. त्याने आकृतीही लपते आणि मागून आलेली गोळी बुंध्यात अडते. इथे कॅमोफ्लाज जितकं उत्तम, तितका धोका जास्त.

हरणांच्या बंदुकीच्या हंगामात कायदा म्हणून मध्ये येतो. पेनसिल्व्हेनियात २५० चौरस इंच नारिंगी लागतं, म्हणजे साधारण ४० सेंटीमीटर बाजूच्या चौरसाएवढं. कोलोरॅडोत ५००, म्हणजे ५७ सेंटीमीटर बाजूचा चौरस, आणि तिथे नारिंगीवर काळ्या फांद्या छापलेलं कापड धरत नाहीत, सलग रंगच हवा. २०१६ साली विस्कॉन्सिनने आणि त्याच वर्षी कोलोरॅडोने नारिंगीऐवजी भडक गुलाबीही चालेल असं ठरवलं. सलग नारिंगीचा मोठा तुकडा हरणाला रंगाने दिसला नाही तरी सलग आकार म्हणून दिसू शकतो, हे खरं आहे. पण स्थिर बसलात तर तो फारसा आड येत नाही, आणि दुसऱ्या माणसाची गोळी चुकवण्यापुढे एवढी किंमत काहीच नाही.

आता मचाण. अमेरिकेच्या पूर्व भागात हरणाचा शिकारी बहुतेक वेळा झाडाला बांधलेल्या मचाणावर, पंधरा-वीस फुटांवर बसतो. खालून वर बघणाऱ्या हरणाला त्याच्या मागे काय दिसतं? जमीन नाही, झुडपं नाहीत. पानगळ झालेल्या उघड्या फांद्या आणि त्यांच्यामधून दिसणारं फिकं आकाश. जंगल गडद म्हणून कपडे गडद, असा हिशेब करणारा इथे फसतो. तो आकाशावर काळा डाग बनतो. मचाणासाठी पॅटर्न फिका हवा, मोकळ्या जागा जास्त हव्यात आणि जुळायचं ते आकाशाशी.

पश्चिमेकडे, रॉकी पर्वताच्या उतारांवर आणि सेजब्रशच्या माळांवर, अंतर हा वेगळाच प्रश्न आहे. तिथे प्राणी शेकडो मीटरवरून बघतो. बारीक नक्षी तिथे कुचकामी. अंगाचे मोठे तुकडे पाडणारे गडद-फिके ठसे हवेत. या गरजेतून ‘ऑप्टिफेड’ हा पॅटर्न आला, २००० च्या दशकाच्या अखेरीस. सिटका ही कपड्यांची कंपनी आणि गोर-टेक्सवाली गोर कंपनी यांनी तो आणला. त्यात लष्करासाठी चौकटी-चौकटींच्या कॅमोफ्लाजवर १९७० च्या दशकापासून काम केलेले टिमोथी ओनील होते आणि दृष्टिविज्ञानाचे जे नाइट्झ होते. हे तेच नाइट्झ, ज्यांचं नाव जॉर्जियातल्या हरणांच्या कामातही आहे. दुकानात हा पॅटर्न बघून लोक हसले असतील, कारण तो कशासारखाच दिसत नाही. पानं नाहीत, फांद्या नाहीत, नुसते राखाडी-करडे चौकटीदार डाग. पण डागांचे दोन थर आहेत. मोठे ठसे दुरून शरीर तोडतात आणि त्यांच्या आतली बारीक कुरतड जवळून पार्श्वभूमीच्या पोताशी मिसळते. कंपनीने प्रकार पाडले ते मुख्यतः अंतर आणि बसण्याची जागा धरून. साधारण ५० यार्डांपुढच्या अंतरासाठी मोकळ्या मुलखाचा एक, मचाणासाठी दुसरा, दलदलीसाठी तिसरा. झाडांच्या जाती मोजण्यापेक्षा हे वर्गीकरण मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

याच न्यायाने आजोबांच्या काळातला लाल-काळ्या मोठ्या चौकड्यांचा लोकरी शर्टही पास होतो. एकोणिसाव्या शतकापासून अमेरिकन लाकूडतोडे आणि शिकारी तो घालत आलेत. हरणाला लाल दिसत नाही, मोठे चौकडे आकृती तोडतात, आणि माणसाला मात्र तो मैलभरावरून दिसतो. कोणा प्रयोगशाळेने तो काढला नव्हता.

मग सगळीकडे चालेल असा एकच पॅटर्न का नाही? हा प्रयोग झालाय, आणि तो फार महागात पडला. अमेरिकन लष्कराने २००४ च्या सुमारास शहर, वाळवंट, जंगल सगळ्यांसाठी एकच राखाडी-हिरवट चौकटीदार गणवेश आणला. नाव ‘युनिव्हर्सल’. तो सगळीकडे थोडा थोडा चुकीचा ठरला. एकमेकांजवळच्या छटांमुळे दुरून तो एकच फिका ठोकळा दिसे. २०१० मध्ये अफगाणिस्तानातल्या सैनिकांना वेगळा पॅटर्न द्यावा लागला आणि २०१५ पासून सर्वच लष्कर बदलायला लागलं. गंमत अशी की लष्करी लपण्याचा पहिला मोठा धडा आपल्याच उपखंडातला आणि सलग रंगाचा. १८४६-४७ मध्ये पेशावरला हॅरी लम्सडेन यांनी उभ्या केलेल्या गाइड्स पलटणीने मातकट रंगाचे कपडे घातले. खाक म्हणजे धूळ, त्यावरून खाकी. धुळीच्या मुलखात धुळीचा रंग. त्यात नक्षीची गरजच पडली नाही.

आता आपल्या जंगलांकडे येऊ. इंदूर, नागपूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, बंगळूर, जिथून तुम्ही हे वाचत असाल, तिथून जवळचं जंगल बहुधा पानगळीचं असेल. मार्च ते मेमध्ये साग उघडा पडतो, जमिनीवर तपकिरी पाचोळा, बांबू पिवळा, गवत पेंढ्याच्या रंगाचं. ऑक्टोबरात तेच जंगल गच्च हिरवं. अमेरिकन ओकच्या हिरव्या पानांचं जाकीट ताडोबा-कान्ह्याच्या एप्रिलमध्ये परकं दिसतं. दलदलीसाठी केलेला पेंढ्याच्या रंगाचा पॅटर्न तिथे जास्त जुळतो. कच्छच्या छोट्या रणात किंवा राजस्थानातल्या ताल छापरच्या गवताळ माळावर फिका, सलग मातकट रंग पुरतो. भिगवणला उजनीच्या काठावर मात्र बघणारे डोळे पक्ष्यांचे. तिथे नक्षीपेक्षा आडोसा, खाली बसणं आणि चेहरा-हात झाकणं महत्त्वाचं. जिप्सीतून सफारी करणाऱ्याने तर पॅटर्नवर पैसे घालवूच नयेत. प्राण्याला गाडी दिसते, तिची त्याला सवय असते. तिथे नको तो पांढरा आणि निळा, बस्स.

एक कायद्याची गोष्ट स्पष्ट सांगतो. भारतीय लष्कराने १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी नवा चौकटीदार गणवेश दाखवला, आणि त्याच्या नक्षीचे हक्कही नोंदवून ठेवले आहेत. सैनिक भासावं या हेतूने सैनिकासारखा वेश घालणं हा पूर्वीच्या दंडसंहितेत गुन्हा होता, आताच्या न्यायसंहितेतही आहे. तुमचा हेतू तसा नसला तरी सीमेजवळ किंवा संवेदनशील भागात लष्करी नक्षीचे कपडे घालून, हातात लांब नळीसारखी लेन्स घेऊन झुडपात बसणं म्हणजे स्वतःहून अडचण ओढवून घेणं. शिकारीचे पानांचे पॅटर्न त्या मानाने बरे, आणि साधा मातकट किंवा शेवाळी शर्ट सर्वात बरा.

राहिला वाघ. सुरुवातीला म्हटलं होतं की तो वेगळा दिसायला लागेल. हिरव्या-पिवळ्या जंगलात शंभर-दोनशे किलोचा भडक नारिंगी प्राणी लपतो कसा? चितळ आणि सांबर ही हरणंच, आणि खूर असलेल्या बहुतेक प्राण्यांप्रमाणे त्यांचंही रंगांचं जग दोन शंकू पेशींचं. २०१९ साली ब्रिस्टलच्याच जॉन फेनेल आणि सहकाऱ्यांनी संगणकाच्या मदतीने दाखवलं की अशा डोळ्याला वाघाचा नारिंगी हिरव्यासारखाच दिसतो. केसांत हिरवा रंग तयार करणं सस्तन प्राण्यांना जमत नाही, नारिंगी जमतो, आणि चितळापुरता तो हिरव्याचंच काम करतो. वर काळे पट्टे, कडेला कापणारे, कटहिलच्या कागदी पतंगांसारखे. म्हणजे विस्कॉन्सिनच्या शिकाऱ्याचं नारिंगी जाकीट आणि वाघाचं कातडं एकाच युक्तीवर चालतं.

पण आपल्या जंगलात एक तिसरा बघणारा आहे. झाडावरचं वानर. जुन्या जगातली माकडं, म्हणजे आपलं लंगूरही, आपल्यासारखीच तीन रंगांची नजर बाळगून असतात. वाघाचा नारिंगी त्याला नारिंगीच दिसतो, आणि तोही उंचावरून. चितळांचे कळप लंगूर बसलेल्या झाडांखाली रेंगाळताना तुम्ही पाहिले असतील. वरून पडणारा पाला आणि फळं हे त्याचं एक कारण आहेच. पण वानर खकारलं की खालचं चितळ लगेच शेपटी उभारून ताठ होतं, कारण जे त्याला दिसू शकत नाही ते वरच्याला दिसलेलं असतं.

कपडे घेणारच असाल तर एक सोपी परीक्षा. ते दोरीवर नको, कोणाच्या तरी अंगावर घाला आणि जिथे जायचंय तसल्या जागी त्याला उभं करा. चाळीस-पन्नास पावलं मागे जा. मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. रंग गेला की उरतात फक्त गडद आणि फिक्या छटा, म्हणजे आकृती तुटते की नाही हे लगेच कळतं. मग तोच फोटो पहाटे साडेसहाला काढा, आणि त्या माणसाला फोटो काढताना एकदा हात हलवायला सांगा.